व्हर्लीनची बावन्न घरं

व्हर्लीन स्टॉलिंग्ज कुणाच्याही घरात शिरली की आधी ॲशट्रे पाहायची, मग माणूस. "दिवसाला किती ओढता?" हा प्रश्न ती विचारायची, कारण तो फॉर्मवर छापलेला होता. उत्तर ऐकताना मात्र तिची नजर थोटकांवर असायची. माणूस म्हणाला सहा आणि ॲशट्रेत दिसली अठरा, तर ती वाद घालायची नाही. हातात पेन धरून नुसती थांबून राहायची. अशा थांबून राहिलेल्या बाईपुढं हॅडॉक काउंटीत फार वेळ कुणाचा निभाव लागत नाही.

"बरं, लिही पंधरा," माणूस म्हणायचा.

"उरलेली तीन कुणाची?"

"बायकोची."

"ती ओढत नाही म्हणाली होती मागच्या वेळी."

"मी सांगितलं असं तिला सांगू नकोस म्हणजे झालं."

एकोणतीस वर्षं तिनं हेच काम केलं. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या या काउंटीत जन्मली, इथंच वाढली. वडिलांची नऊ एकर तंबाखू होती. शाळेच्या सुट्टीत ती वाळवणीच्या कोठारात पानांच्या जुड्या काठीला बांधायची, आणि सोळाव्या वर्षापासून त्याच पानांचा धूर ओढायची. मेन्थॉलवाली, दिवसाला अकरा, हे ती कुणी न विचारता सांगायची. नवरा ट्रक चालवायचा. एकदा माल घेऊन फ्लोरिडाला गेला तो तिकडचाच झाला. त्याबद्दल तिची तक्रार एवढीच होती की ट्रकमध्ये तिचा चांगला थर्मास राहिला.

काम रॅलेच्या बार्नहिल ओपिनियन या कंपनीचं. लोक काय ओढतात, किती ओढतात, काय सोडतात आणि सोडलं असं सांगून काय चालू ठेवतात, याची पाहणी करून कंपनी ती माहिती सिगारेटवाल्यांना विकायची. मी त्या कंपनीच्या तपासणी विभागात होतो. पाहणी करणाऱ्यांनी आणलेल्या दर दहा फॉर्मांमागे एका घरी फोन करायचा आणि विचारायचं, आमचा माणूस खरंच आला होता का? पुष्कळदा आलेला नसे. पेट्रोल पंपावर गाडी लावून, सँडविच खात, चाळीस घरं मनानं भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. एकानं तर त्या पंपावर ज्या सिगारेटची पाटी होती तीच चाळीसही घरांत ओढायला लावली होती. त्याला काढला तेव्हा तो मला म्हणाला, लोकांचा कल बरोबर आलाय की नाही ते बघा आधी.

व्हर्लीनचा नंबर चारशे सतरा. एकोणतीस वर्षांत या नंबराचा एकही फॉर्म नामंजूर झाला नव्हता. माझ्या विभागात दुसरा असा नंबर नव्हता, आणि तिला ते माहीत होतं. तिच्याकडं बावन्न घरं कायमची नेमलेली होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घर. गेली बारा-पंधरा वर्षं तीच घरं, तीच माणसं. मेलेल्यांच्या जागी त्यांची मुलं.

मालक कार्लटन बार्नहिल तिसरा. तिसरा म्हणून, 'ट्रिपल'वरून, घरीदारी सगळे त्याला ट्रिप म्हणायचे. त्याच्या आजोबांनी तंबाखूच्या लिलावात शेतकऱ्यांशी गप्पा मारता मारता ही कंपनी काढली होती. नातू शेतकऱ्यांशी बोलत नसे. तो 'अंतर्दृष्टी' विकायचा. ऑफिसात शिरल्या शिरल्या एका अख्ख्या भिंतीवर त्यानं 'ऐका' असा शब्द पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतला होता. त्या भिंतीमागच्या खोलीत त्याच्याशी बोलायचं तर आठवडाभर आधी वेळ घ्यावी लागे.

घरोघरची पाहणी त्याला केव्हाची बंद करायची होती. सगळं मोबाइलवर घ्यायचं, माणूस पाठवायचाच नाही. पण जुन्या ग्राहक कंपन्यांना व्हर्लीनची बावन्न घरं हवी असत, म्हणून तो थांबला होता. "एक फेरी जरी फसली तरी मला कारण मिळेल," असं त्यानं भर बैठकीत सांगितलं होतं. व्हर्लीन त्या बैठकीत दुसऱ्या रांगेत होती. ही घरं गेली तर त्रेसष्टाव्या वर्षी तिच्याकडं दुसरं काही नव्हतं, आणि दुसरं काही असावं अशी तिची इच्छाही नव्हती.

तेवढ्यात पुड्यांचं काम आलं. सिगारेटी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं. सिगारेटचा खप दरवर्षी घसरत होता, म्हणून कंपनीनं निकोटिन भरलेल्या छोट्या पांढऱ्या पुड्या काढल्या होत्या. ओठ आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवायच्या. धूर नाही, थुंकणं नाही. एका गोल डबीत वीस. एक चव पुदिन्याची, एक लिंबाची आणि एक 'गार वारा' नावाची, जी कशाची आहे ते कंपनीच्या माणसालाही सांगता येईना. ज्यांनी तीन पिढ्या धूर विकला तेच आता धुरापासून सुटका विकायला निघाले होते, आणि ही सुटका कितपत खपेल ते मोजायला आम्हाला बोलावलं होतं.

मोजायची पद्धत ट्रिपनं स्वतः काढली. योजनेच्या पहिल्याच पानावर त्यानं छापलं होतं, "लोक खोटं बोलतात. प्लास्टिक खोटं बोलत नाही." प्रत्येक घराला पंधरवड्याला आठ डब्या फुकट. पुढच्या खेपेला रिकाम्या डब्या परत घ्यायच्या आणि फॉर्मवर एकच प्रश्न विचारायचा: रिकाम्या डब्या किती? सहा किंवा जास्त आल्या की यंत्र त्या माणसापुढं 'बदललेला' असं छापणार, म्हणजे त्यानं सिगारेट सोडली. दिवसाला किती ओढता हा प्रश्न काढून टाकला होता. तो जुना झाला होता म्हणे.

शिकवणीच्या दिवशी व्हर्लीननं हात वर केला.

"ट्रिप, सिगारेट किती ओढली हे विचारायचंच नाही?"

"नाही, मिस व्हर्लीन. आपण आता बोलणं मोजत नाही, वागणं मोजतो."

"मग मी घरात शिरू तरी कशाला? कचऱ्याची गाडी जातेच की दर मंगळवारी."

सगळे हसले. ट्रिपही हसला आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पुढं ग्राहकासमोर बोलताना त्यानं हेच वाक्य आपल्या पद्धतीची स्तुती म्हणून वापरलं.

व्हर्लीन फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं लिहू लागली. 'ॲशट्रे भरलेला. चौदा.' 'मागच्या ओसरीवर थोटकं, नवी.' आमचं यंत्र फॉर्म वाचताना चारी बाजूंचा समास सोडून देई, त्यामुळं ते कुणाच्याच डोळ्यांपर्यंत जाईना. मी एकदा ट्रिपच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "समासातला सगळा गोंगाट असतो, मिस्टर नेने." मी जागेवर येऊन बसलो.

पहिल्या महिन्यात बावन्न घरांतून अकरा डब्या रिकाम्या आल्या. ट्रिपनं व्हर्लीनला फोन लावला तेव्हा ती म्यूबॉर्नांच्या ओसरीवर होती. म्यूबॉर्न म्हणजे ह्यूबर्ट आणि ओला मे. तंबाखूची शेती सोडून दहा वर्षं झालेली, दोघं घरात एकटी. ह्यूबर्ट चौऱ्याहत्तरचा, फ्री विल बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन, म्हणजे पास्टरांच्या हाताखालचा मानकरी. दिवसाला वीस ओढायचा आणि जिना चढताना मध्ये थांबून देवाचं नाव घ्यायचा. ट्रिप फोनवर असा बोलतो की रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावं.

"अकरा, मिस व्हर्लीन, अकरा. ही फेरी अशीच गेली तर तुमची घरं बंद, हे मी आजच सांगतो."

"लोकांना नको असेल तर मी काय करू?"

"त्या डब्या मला रिकाम्या पाहिजेत."

व्हर्लीननं फोन ठेवला, कपातला गार गोड चहा संपवला आणि पुढच्या घरी गेली. शेजारी ओला मे घमेल्यात शेंगा सोलत बसली होती, तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या महिन्यात सातशे नव्वद डब्या आल्या.

ट्रिपनं आलेख करून भिंतीवर लावला. रेषा जमिनीवरून उठून थेट छतात गेली होती. बावन्नपैकी एकोणपन्नास माणसं 'बदललेली'. ज्या काउंटीत तंबाखूच्या पैशावर देवळं बांधली गेली, तिथल्या एकोणपन्नास म्हाताऱ्यांनी चार आठवड्यांत सिगारेट सोडली, आणि या गोष्टीचं आमच्या ऑफिसात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. आनंद वाटला. केक आणला. ट्रिपनं ग्राहक कंपनीला कळवलं, आणि तिकडून कोर्टनी हॅलोरन नावाची एक मॅनेजर 'खऱ्या माणसांना' भेटायला यायचं ठरलं.

डब्यांच्या पिशव्या माझ्याकडं मोजायला आल्या होत्या. मी पहिली पिशवी उघडली आणि मला भांड्यांच्या साबणाचा वास आला. लिंबाचा. दुसरीलाही तोच. डब्या आतून लख्ख होत्या, काहींत पाण्याचे थेंब होते. वापरलेली डबी कशी असते ते मला माहीत आहे. तिच्या तळाशी पांढरा चुरा असतो, झाकणात चघळलेल्या पुड्या कोंबलेल्या असतात. मी व्हर्लीनला बोलावलं.

"या डब्या कुणी धुतल्यात?"

तिनं एक डबी उचलली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. "मी धुतल्या असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी फक्त विचारतोय."

"पेट्रोल पंपावरच्या लोकांना विचारता तसं?"

"तसंच, मिस व्हर्लीन. मला सगळ्यांना सारखंच विचारावं लागतं."

तिनं डबी पुन्हा पिशवीत टाकली. मग म्हणाली, "बरोबर आहे. विचारायलाच पाहिजे. मला पिशवी तोंड बांधून देतात. मी उघडून बघितली नाही, ही चूक माझी." आणि निघून गेली. तिचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

दोनच दिवसांनी आम्ही चौघं म्यूबॉर्नांच्या घरी गेलो. ट्रिप, कोर्टनी, व्हर्लीन आणि पडताळणीसाठी मी. गाडीत ट्रिपनं बजावलं, "मिस व्हर्लीन, तुम्ही फक्त ओळख करून द्यायची. बोलायचं ते ग्राहक बोलेल."

ओसरीवर सहा खुर्च्या मांडल्या होत्या. ओला मेनं पिमेंटो चीजची सँडविचेस कडा कापून ठेवली होती, पाउंड केक होता. ह्यूबर्टनं रविवारचा शर्ट घातला होता. कोर्टनीला सगळंच फार आवडलं. तिला ओसरी अस्सल वाटली, खुर्च्या अस्सल वाटल्या, कुत्राही अस्सल वाटला.

"मिस्टर म्यूबॉर्न," ती म्हणाली, "तुम्ही आमची पुडी कशी घेता, दाखवाल?"

ह्यूबर्टनं बायकोकडं पाहिलं. मग खिशातून डबी काढली, नखानं झाकण उघडायचा दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा उघडलं. एक पुडी काढून तोंडात टाकली आणि पेपरमिंटची गोळी चावावी तशी दाढेखाली चावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग उचकी लागली. त्यानं तोंडावर हात धरला, तेवढ्यात ट्रिपनं मोबाइलवर फोटो काढला.

"आवडली?" कोर्टनीनं विचारलं.

"फारच," ह्यूबर्ट म्हणाला आणि उचकला. "चांगली... आहे. ताजी आहे."

पंधरवड्याला आठ डब्या संपवणाऱ्या माणसाला पुडी कुठं ठेवायची ते माहीत नव्हतं. ट्रिपनं वहीत लिहिलं, 'वापराची वैयक्तिक शैली'. मी ते शेजारून वाचलं.

व्हर्लीन ह्यूबर्टसाठी पाणी आणायला आत गेली. परत आली ती पाणी न घेताच.

"ह्यूबर्ट, सिंकशेजारी ताटांच्या जाळीत डब्या उपड्या घातल्यात. चौदा."

"हो, ओला मेनं सकाळी धुतल्या," ह्यूबर्ट म्हणाला. "पाहुणे यायचे होते ना."

"आतल्या पुड्या कुठं आहेत?"

ट्रिप पुढं सरसावला. "मिस व्हर्लीन, हा प्रश्न फॉर्मवर नाही."

"माहीत आहे मला काय आहे नि काय नाही. ह्यूबर्ट, मी तुम्हाला विचारतेय."

ह्यूबर्टनं उचकी गिळली. "कॉलर्डला," तो म्हणाला आणि घरामागच्या भाजीच्या वाफ्यांकडं बोट केलं. "बादलीत रात्रभर भिजवायच्या, गाळायच्या, फवारायच्या. वडील तंबाखूच्या देठांचं पाणी मारायचे, तसंच. माव्याच्या किडीवर चांगलं आहे. पुदिन्याचं जास्त चांगलं."

"थांबा," कोर्टनी म्हणाली. "मग तुम्ही स्वतः किती घेतल्या?"

"एक, बाई. ही आत्ताची."

"आणि बाकीची घरं?" व्हर्लीनचा आवाज बारीक झाला होता.

"बाकीच्यांचं मी काय सांगू," ओला मे म्हणाली, आणि लगेच सांगू लागली. "लीग्रँड सरळ कचऱ्यात टाकतो. विल्मा जीननं संडासात टाकल्या, तिचा पाइप तुंबला. धुवून मात्र सगळ्यांनीच दिल्या. परत द्यायची वस्तू घाण कशी द्यायची?"

"पण का?"

"का म्हणजे? तुझा हा साहेब फोनवर ओरडत नव्हता, डब्या रिकाम्या झाल्या नाहीत तर व्हर्लीनची घरं बंद म्हणून? मी इथंच बसले होते. बुधवारी चर्चला जेवणं झाल्यावर उभी राहून सांगितलं सगळ्यांना. म्हटलं, मुली येतात वर्षातनं एकदा, ही येते पंधरा दिवसांनी. आपल्याच्यानं आठ डब्या रिकाम्या होत नाहीत?"

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

ह्यूबर्टला हे लागलं. तो खुर्चीतून उठला. "नाही हं. एकदाही नाही. फॉर्मवर काय आहे? रिकाम्या डब्या किती. आठ होत्या, आठ सांगितल्या. मी पास्टरांना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, विचारलं तेवढंच उत्तर द्यायला हरकत नाही."

ओला मेनं सँडविचची बशी उचलून ट्रिपपुढं धरली आणि ट्रिपनं एक घेतलं. ओरडणाऱ्या साहेबालाही त्या घरात कुणी उपाशी जाऊ देणार नव्हतं.

परतीच्या वाटेवर कोर्टनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजची भेट अहवालात नको." तिलाही कुणाला तरी आकडा नेऊन द्यायचा होता. चुकीचा आकडा नेला तर तिला कुणी काही म्हणणार नव्हतं. आकडाच नेला नाही तर म्हणणार होतं. ट्रिपला तेवढा इशारा पुरला.

ऑफिसात आल्यावर त्यानं व्हर्लीनला भिंतीमागच्या खोलीत नेलं. वेळ न घेता. त्या फेरीच्या फॉर्मांवर तिची शेवटची सही व्हायची होती. प्रत्येक फॉर्मच्या खाली ओळ असते: ही माहिती मी स्वतः घरी जाऊन घेतली असून माझ्या समजुतीप्रमाणे ती खरी आहे. मलाही बोलावलं, साक्षीला.

"तो म्हातारा काय म्हणाला ऐकलंत ना?" ट्रिप म्हणाला. "प्रश्न डब्यांचा होता. डब्या रिकाम्या होत्या. उत्तर खरं आहे. तुम्ही घरी गेला होता, तेही खरं. मग अडचण काय?"

"तू याच्यावर 'बदललेला' असं छापणार आहेस."

"ते यंत्र छापतं."

"ह्यूबर्टला पास्टरांनी सूट दिली. मला कोण देणार? तू?"

ट्रिपनं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज मऊ केला. "मिस व्हर्लीन, ऐका. सही करा, तुमची घरं राहतील. आणखी दोन वर्षं, मी लिहून देतो. नाही केलीत तर फेरी फसली, आणि मग मला दुसरं कारण शोधायला नको. त्या लोकांनी एवढी खटपट केली ती कशासाठी? तुमच्यासाठीच ना? ती फुकट घालवू नका."

हा माणूस आयुष्यात एकदाच समोरच्याचं मन नीट ओळखून बोलला असेल, तर तो त्या क्षणी. व्हर्लीननं फॉर्म जवळ ओढले. मला वाटलं, करणार. मी तिच्या जागी असतो तर केली असती. एकतीस वर्षं मी ज्या गोष्टी समासात जाऊ दिल्या त्या पाहता, मला असं वाटण्याचा हक्क आहे.

तिनं फॉर्म उचलले आणि ती माझ्या टेबलाशी येऊन बसली.

"नामंजूरचा शिक्का बाहेर काढा."

मी तिला दुसरी वाट दाखवली. फेरी 'मागे घेतली' असं लिहिता येतं. मग नंबरावर डाग येत नाही, घरं गेली तरी चारशे सतरा स्वच्छ राहतो.

"मागे घेतली म्हणजे काय? मी गेलेच नाही?"

"तसं समजतात."

"मी गेले होते, मिस्टर नेने. सगळ्या घरांत गेले होते. माहिती खोटी आणली. तुमच्याकडं त्याला शिक्का आहे ना?"

"आहे."

"मग तो मारा."

मी मारू लागलो. ती एकेक फॉर्म पुढं सरकवत होती. जिथं शाई फिकी उमटली तिथं तिनं पुन्हा मारायला लावला. बावन्नावा झाल्यावर तिनं गठ्ठा कडा जुळवून ठेवला, पर्स उचलली आणि सिगारेट ओढायला बाहेर गेली. आमच्या कंपनीत ओढणाऱ्यांना दारापासून तीस फूट लांब, कचऱ्याच्या पेट्यांजवळ उभं राहावं लागे. सिगारेटवर जगणारी कंपनी, पण तिला धुराचा त्रास व्हायचा.

महिनाअखेरीस घरं बंद झाली. अहवाल तरीही गेला. ट्रिपनं 'बदललेले' हा शब्द काढला आणि 'स्वीकार' हा शब्द घातला: चौऱ्याण्णव टक्के घरांनी वस्तूचा आपल्या घरात स्वीकार केला. यात खोटं काहीच नव्हतं. जाड गुळगुळीत कागदावर छापला. मुखपृष्ठावर ह्यूबर्टचा फोटो होता, उचकी दाबताना तोंडावर हात धरलेला. खाली ओळ होती, 'समाधानी ग्राहक'. आता सगळी पाहणी मोबाइलवर होते. अडीच मिनिटांत फॉर्म भरून येतो. कुणाला फोन करून विचारायची सोय नाही, त्यामुळं माझ्या विभागाला काम नाही आणि नामंजूर काही होत नाही. ट्रिप याला गुणवत्ता म्हणतो.

घरं बंद झाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात ह्यूबर्टचा ऑफिसला फोन आला. ट्रिप 'मीटिंगमध्ये' होता, म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीनं तो माझ्याकडं दिला.

"साहेब, आमचं काल चर्चमध्ये ठरलंय," तो धापा टाकत म्हणाला. "डब्या आहेत अजून सगळ्यांकडं, पुढच्या खेपेच्या. आम्ही खरंच घेतो. बावन्नच्या बावन्न घरं. ओठाखाली ठेवायच्या, चावायच्या नाहीत, हे विल्मा जीनच्या नातवानं दाखवलंय. त्रास होतो थोडा, पण होईल सवय. तुमच्या साहेबाला सांगा, तिला परत पाठवा."

मी म्हटलं, ते आता बंद झालं.

"तुम्ही सांगून तर बघा."

मी ट्रिपला सांगितलं नाही, व्हर्लीनला फोन करून सांगितलं.

"लीग्रँडचं हृदय धड नाही," ती म्हणाली. "तोही घेतोय?"

"सगळेच, म्हणाला."

"मूर्ख माणसं," ती म्हणाली. "सगळीच्या सगळी मूर्ख. ह्यूबर्टला फोन करा नि सांगा, मी येईपर्यंत कुणी डबी उघडायची नाही. नाही, राहू द्या, माझं मीच सांगते."

तीन दिवसांनी ती ऑफिसात आली. अंगावर ओळखपत्र नव्हतं, म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीनं तिला नाव विचारलं आणि कुणाला भेटायचंय ते लिहायला लावलं. तिनं माझं नाव लिहिलं. गाडीतून तिनं तोंड बांधलेल्या सात काळ्या पिशव्या आणल्या होत्या. एकेक उघडून तिनं मला आत बघायला लावलं. डब्या भरलेल्या होत्या, झाकणांवरचे कागद शाबूत.

"सगळ्या घरांत गेले," ती म्हणाली. "विल्मा जीन द्यायला तयार नव्हती. तिला रागावावं लागलं."

"मग आता?"

"आता पावती द्या मला. कंपनीचा माल आहे, परत केल्याची पावती नको?"

मी तिथंच उभ्या उभ्या डब्या मोजल्या. तीनशे अडतीस. पावतीवर तसं लिहिलं: न उघडलेल्या. तिनं चष्मा लावून ती वाचली आणि ज्या जागी परत करणाऱ्याची सही लागते तिथं सही केली.